उणे 7 नंबर, 1.74 ची काच आणि ट्यूबलाइटच्या कडेची निळी रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 7. सध्याच्या चष्म्यात 1.67 ची काच (हा आकडा म्हणजे काचेचा अपवर्तनांक, दुकानाच्या भाषेत इंडेक्स). नवा चष्मा करायला गेल्यावर दुकानात सांगितलं की 1.74 घ्या, आणखी पातळ येईल. किंमत मात्र बरीच जास्त. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या शंका तीन आहेत. अपवर्तनांक जास्त असला की प्रकाश जास्त वळतो असं शाळेत शिकलो, मग 1.74 ने नंबर वाढल्यासारखं होणार नाही का? आत्ताच्या चष्म्यातून डोळे बाजूला वळवून पाहिलं की ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी रेघ दिसते, ती खोट डोळ्याची की काचेची? आणि एवढे पैसे मोजून खरोखर किती फरक पडतो?

आधी थेट उत्तर देतो. नंबर वाढत नाही. रेघ काचेमुळे दिसते. आणि 1.67 वरून 1.74 वर गेल्याने तुमच्या नंबरात कडेची जाडी कमी होते ती अर्धा मिलिमीटर. त्याच्या तिपटीहून जास्त फरक नुसती फ्रेम लहान घेतल्याने पडतो, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

काचा घासणं आणि बसवणं हेच माझं अनेक वर्षांचं काम आहे. (काच म्हणतो ते सवयीने, आता बहुतेक सगळा माल प्लास्टिकचाच असतो.) काउंटरवर आधी इंडेक्स विकला जातो आणि फ्रेमचा विचार नंतर होतो, हे मला पटत नाही. क्रम उलटा हवा. तो उलटा का हवा, हे समजायला प्रकाश काचेत शिरताना काय होतं इथून सुरुवात करावी लागेल.

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला 2,99,792 किलोमीटर जातो. हवेत त्यात नगण्य फरक पडतो, कारण हवेचा अपवर्तनांक आहे 1.0003. पाण्यात (1.333) हा वेग सुमारे 2,25,000 किलोमीटरवर येतो, चष्म्याच्या साध्या प्लास्टिकमध्ये (1.498) सुमारे 2,00,000 वर, आणि तुम्हाला सुचवलेल्या 1.74 च्या काचेत सुमारे 1,72,000 वर. पोकळीतल्या वेगाला त्या पदार्थातल्या वेगाने भागलं की जो आकडा येतो तो अपवर्तनांक. काच किती पातळ येईल किंवा किती दणकट असेल, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रकाश हळू का होतो? तो विद्युतचुंबकीय लहर आहे. ही लहर पदार्थात शिरली की तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात आणि त्याच वारंवारतेची आपली लहर सोडतात. मूळ लहर आणि या असंख्य बारीक लहरी मिळून जी लहर पुढे सरकते, तिचे माथे सतत थोडे मागे पडत जातात. आपण मोजतो तो कमी झालेला वेग हाच. ज्या पदार्थात इलेक्ट्रॉन दाटीने आहेत आणि सहज हलतात, त्याचा अपवर्तनांक जास्त. म्हणूनच 1.60, 1.67, 1.74 या काचांच्या रसायनात गंधक असतं. गंधकाच्या अणूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल असतात. याची खूण वर्कशॉपमध्ये लगेच मिळते. हाय इंडेक्स काच एजिंग मशीनच्या (काच फ्रेमच्या मापात घासणाऱ्या यंत्राच्या) चाकाला लागली की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि खोलीभर पसरतो. साध्या प्लास्टिकला तो वास येत नाही. जुना कारागीर पाकिटावरचा छापा न वाचता, चाकावर कोणता माल आहे ते सांगतो.

काचेत शिरल्यावर लहरीची लांबी कमी होते, वारंवारता तीच राहते. पोकळीत 600 नॅनोमीटर लांबीचा नारिंगी प्रकाश 1.5 च्या काचेत 400 नॅनोमीटरच्या लहरींनी चालतो, तरी नारिंगीच राहतो, कारण रंग ठरतो तो वारंवारतेवरून.

आता वळण्याकडे येऊ. मैदानावर कवायतीची एक लांब रांग खांद्याला खांदा लावून चालली आहे आणि पुढे चिखल आहे, अशी कल्पना करा. रांग चिखलाच्या कडेला समांतर असेल तर सगळे एकदम चिखलात पाय टाकतील, सगळ्यांचा वेग सारखाच कमी होईल, दिशा तीच राहील. रांग तिरकी येत असेल तर एका टोकाची मुलं आधी चिखलात जातील आणि मंदावतील, दुसऱ्या टोकाची अजून कोरड्यावर भरभर चालत असतील, आणि सगळी रांगच वळेल. प्रकाशाच्या लहरीचं अगदी हेच होतं. म्हणजे वळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: वेगातला फरक आणि तिरकं येणं. काचेवर सरळ लंब पडलेला किरण वळत नाही, मग काच 1.5 ची असो की 1.74 ची. तो फक्त हळू होतो.

किती वळतो याचा हिशेब स्नेलच्या नियमात आहे: हवेतल्या कोनाच्या साइनला काचेतल्या कोनाच्या साइनने भागलं की अपवर्तनांक मिळतो. दोन्ही कोन पृष्ठभागाच्या लंबापासून मोजायचे. 45 अंशांनी आलेला किरण पाण्यात 32 अंशांवर येतो, 1.5 च्या काचेत 28 वर, 1.67 मध्ये 25 वर आणि 1.74 मध्ये 24 वर. 1.5 वरून 1.67 ला तीन अंशांचा फरक आहे, पुढे 1.74 ला जेमतेम एका अंशाचा. पैसे मोजताना हे लक्षात असू द्या.

हा नियम एकाहून अधिक जणांना सापडला होता. बगदादमध्ये इब्न सहलने 984 च्या सुमारास भिंगांवरच्या लिखाणात तो वापरला. लायडनच्या स्नेलला तो 1621 मध्ये मिळाला, पण त्याने छापला नाही. छापला देकार्तने, 1637 मध्ये. कोनांचा हिशेब नीट बसत असूनही पाण्यात प्रकाश हळू होतो की जलद, याचा वाद पुढे दोनशे वर्षं चालला. न्यूटनच्या कणवादाप्रमाणे तो जलद व्हायला हवा होता. 1850 मध्ये फुकोने फिरत्या आरशाच्या साहाय्याने हवेतला आणि पाण्यातला वेग ताडून पाहिला, आणि पाण्यातला कमी निघाला.

आता तुमची पहिली शंका. 1.74 चा पदार्थ प्रकाश जास्त वळवतो हे खरं आहे, पण चष्म्याचा नंबर एकट्या पदार्थाने ठरत नाही. 1.74 च्या पदार्थाची सपाट पाटी केली तर तिचा नंबर शून्य येईल. किरण पुढच्या पृष्ठभागावर जेवढा आत वळला तेवढाच मागच्या पृष्ठभागावर बाहेर वळतो आणि मूळ दिशेला समांतर निघून जातो. नंबर येतो तो पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांच्या गोलाईतल्या फरकातून. अपवर्तनांकातून 1 वजा करायचा आणि त्याला गोलाईच्या फरकाने गुणायचं. पातळ काचेसाठी एवढं सूत्र पुरतं.

उणे 7 पाहिजे आहे आणि काचेची पुढची बाजू सपाट ठेवायची आहे असं धरा. साध्या 1.498 च्या प्लास्टिकमध्ये मागची बाजू 71 मिलिमीटर त्रिज्येने खोल घासावी लागेल. 1.74 मध्ये तीच त्रिज्या 106 मिलिमीटर पुरेल, म्हणजे खड्डा उथळ. पदार्थ जास्त वळवतो म्हणून गोलाई कमी द्यायची. दोन्ही काचांतून बाहेर पडणारा प्रकाश सारखाच वळलेला असतो. काचेच्या मध्यापासून 15 मिलिमीटर बाजूला गेलं की उणे 7 ची कोणतीही काच किरणाला 10.5 प्रिझम इतका वळवते, म्हणजे एक मीटर अंतरावर साडेदहा सेंटिमीटर सरकवते. त्यात इंडेक्सचा काही संबंध नाही.

याचा एक परिणाम लोकांना आवडत नाही, पण तो आधी सांगितलेला बरा. उणे नंबरच्या चष्म्यामागे डोळे लहान दिसतात आणि कानशिलाजवळ चेहऱ्याची कड आत गेल्यासारखी दिसते. हे जाडीमुळे होत नाही, नंबरामुळे होतं. त्यामुळे "पातळ काच घेतली की डोळे मोठे दिसतील" हे आश्वासन कुणी दिलं तर त्यावर विसंबू नका. डोळे थोडे मोठे दिसायला मदत होते ती काच डोळ्याच्या जवळ बसवल्याने आणि फ्रेम अरुंद घेतल्याने.

जाडीचा हिशेब हा या उत्तराचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. उणे नंबरची काच मध्ये सर्वांत पातळ आणि कडेला जाड असते. कडेला किती जाडी वाढते ते काढायची ढोबळ रीत अशी: मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नंबराने गुणा, आणि 2000 गुणिले (अपवर्तनांक वजा 1) या संख्येने भागा. प्रत्यक्षात थोडं जास्तच येतं, पण तुलनेला हे पुरेसं आहे. बघण्यासारखं हे की अंतराचा वर्ग होतो. अपवर्तनांकाचा होत नाही.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला 54, 18, 140 असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीची लांबी. 54 आणि 18 मिळून 72. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, 62 आहे असं धरू. मग प्रत्येक काचेचा मध्यबिंदू फ्रेमच्या मध्यापासून 5 मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. अर्ध्या रुंदीत, म्हणजे 27 मध्ये, हे 5 मिळवले की कानाकडची कड मध्यापासून 32 मिलिमीटरवर जाते. उणे 7 साठी या कडेला वाढणारी जाडी साध्या प्लास्टिकमध्ये 7.2 मिलिमीटर, 1.60 मध्ये 6, 1.67 मध्ये 5.3 आणि 1.74 मध्ये 4.8.

आता फ्रेम 48-18 ची घ्या. बेरीज 66, म्हणजे काच फक्त 2 मिलिमीटर सरकवायची. कानाकडची कड 24 अधिक 2, म्हणजे 26 मिलिमीटरवर. साध्या प्लास्टिकमध्ये जाडी 4.7 वाढते, 1.60 मध्ये 3.9, 1.67 मध्ये 3.5 आणि 1.74 मध्ये 3.2.

दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. मोठ्या फ्रेममधली सगळ्यांत महाग 1.74 ची काच कडेला 4.8 वाढते, लहान फ्रेममधली सगळ्यांत स्वस्त साधी काच 4.7. यात मधली जाडी मिळवायची राहते, आणि तिथे हाय इंडेक्सला फायदा आहे: साधी काच मध्ये साधारण 2 मिलिमीटर ठेवावी लागते, तर 1.60 आणि त्यावरच्या काचा सव्वा मिलिमीटरच्या आसपास चालतात. तरीही लहान फ्रेममधली 1.60 ची काच सव्वापाचच्या आत बसते, तर मोठ्या फ्रेममधली 1.74 सहाच्या घरात जाते. चेहरा मोठा असेल, पीडी 68-70 असेल, तर मोठी फ्रेमही चालते, कारण काच सरकवावी लागत नाही. मुद्दा असा की फ्रेमचे पहिले दोन आकडे मिळून जी बेरीज येते ती तुमच्या पीडीच्या जितकी जवळ तितकं चांगलं. हे गणित कागदावर करायला दोन मिनिटं लागतात आणि ते दुकानात करून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फ्रेमच्या आकाराबद्दलही एक सांगतो. गोल किंवा गोलसर चौकोनी फ्रेमला कोपरे लांब जात नाहीत. बाहेर टोकदार निघालेल्या आकारात जाडी नेमकी त्या टोकाला साठते. शेल किंवा अ‍ॅसिटेटची जाडसर फुल रिम घेतली तर तीन-साडेतीन मिलिमीटर रिममध्येच लपतात. रिमलेस आणि सुप्रा (खालची कड नुसत्या दोऱ्याने धरलेली अर्धी रिम) यांच्या वाट्याला उणे 7 मध्ये जाऊ नये असं माझं मत आहे. कड उघडी राहते आणि सगळी जाडी दिसते.

आता ती रेघ. अपवर्तनांक हा एकच आकडा म्हणून छापतात, पण तो प्रत्येक रंगाला वेगळा असतो. निळ्या प्रकाशाला काच लाल प्रकाशापेक्षा जरा जास्त मंद करते, म्हणून निळा जरा जास्त वळतो. हा फरक किती, ते अ‍ॅबे आकड्याने सांगतात. अ‍ॅबे आकडा मोठा तर रंग कमी फुटतात. साध्या प्लास्टिकचा अ‍ॅबे 58, जुन्या क्राउन काचेचा साधारण तेवढाच. 1.60 च्या चांगल्या प्लास्टिकचा 41. 1.67 चा 31-32, 1.74 चा 33 च्या आसपास, आणि पॉलीकार्बोनेटचा 30.

उणे 7 ची काच, मध्यापासून 15 मिलिमीटर बाजूला: डोळा साधारण 30 अंश वळवला की नजर तिथून जाते. तिथे 10.5 प्रिझम आहे हे वर आलं. त्याला अ‍ॅबेने भागलं की रंगांची फारकत मिळते. तुमच्या सध्याच्या 1.67 च्या काचेत ती येते 0.34 प्रिझम. ट्यूबलाइट तीन मीटरवर असेल तर तिची निळी प्रतिमा आणि लाल प्रतिमा एकमेकींपासून जवळजवळ एक सेंटिमीटर सरकलेल्या असतात. ट्यूब स्वतःच दीड-अडीच सेंटिमीटर जाडीची, त्यामुळे ही रेघ नीट डोळ्यात भरते. 1.60 मध्ये हीच फारकत पाऊण सेंटिमीटर, साध्या प्लास्टिकमध्ये अर्धा. 1.74 मध्ये तुमच्या आताच्या काचेइतकीच. म्हणजे जास्त पैसे देऊनही या रेघेत सुधारणा होणार नाही.

ही रेघ काचेचीच आहे याची खात्री घरी करता येते. ट्यूबकडे तोंड करून, नजर काचेच्या मधोमध ठेवून बघा. रेघ जवळजवळ नाहीशी होईल. मग मान डावीकडे वळवा आणि ट्यूबकडे उजव्या बाजूने बघा. ट्यूबची काचेच्या मध्याकडची कड निळसर दिसेल आणि बाहेरची कड पिवळी-नारिंगी. मान उजवीकडे वळवून डाव्या बाजूने पाहिलं की रंगांची जागा उलटेल. बाजूप्रमाणे उलटणारी रेघ ही काचेची. याउलट, चष्मा काढल्यावरही दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत असतील, डोळा दुखत असेल, लाल होत असेल, तर तो विषय चष्म्याच्या दुकानाचा नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

रंग फुटण्याचा हाच गुण नंबर तपासताना आमच्या उपयोगी पडतो. अर्धी लाल, अर्धी हिरवी अशी पाटी दाखवून "कुठली अक्षरं जास्त काळी, जास्त स्पष्ट?" असं विचारतात ते याचसाठी. डोळ्याचं भिंगही रंग फोडतं: हिरवा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या जरा अलीकडे एकवटतो, लाल जरा पलीकडे. लाल जास्त स्पष्ट दिसला तर उणे नंबर थोडा कमी पडतोय. हिरवा जास्त स्पष्ट दिसला तर उणे थोडा जास्त झालाय. तपासणीत ही पायरी वगळली जात असेल तर ती करून घ्या. उणे नंबर गरजेपेक्षा पाव-अर्धा जास्त गेला तर तरुण डोळा तो निभावून नेतो, पण संध्याकाळपर्यंत थकतो.

परावर्तनाकडेही पाहायला हवं, कारण हाय इंडेक्सची दुसरी किंमत तिथे मोजावी लागते. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना सगळा आत जात नाही; थोडा परततो, आणि वेगांतला फरक जितका मोठा तितका जास्त परततो. 1.5 च्या काचेच्या एका पृष्ठभागावरून 4 टक्के, 1.67 वरून 6.3 आणि 1.74 वरून 7.3 टक्के. दोन पृष्ठभाग धरले तर 1.74 ची कोटिंग नसलेली काच साधारण 14 टक्के प्रकाश अडवते आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांची भुतं दाखवते. म्हणून हाय इंडेक्सवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग लागतंच. लहरीच्या पाव लांबीइतका पातळ थर चढवला की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, हे त्याचं तत्त्व. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने ही रीत 1935 मध्ये शोधली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा एक थर हिरव्या प्रकाशासाठी 100 नॅनोमीटर जाडीचा असतो. आताच्या चष्म्यांवर असे अनेक थर एकावर एक असतात, आणि उरलेलं परावर्तन हिरवट किंवा जांभळट दिसतं. हे थर उष्णतेने तडकतात, म्हणून चष्मा गरम पाण्याने धुऊ नका आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

पॉलीकार्बोनेटबद्दल कुणी आग्रह केला तर एवढंच: ते सहज फुटत नाही, म्हणून लहान मुलांना, खेळाडूंना आणि ज्यांना एकाच डोळ्याने नीट दिसतं त्यांना मी तेच देतो. 1.586 इंडेक्स, वजनाला हलकं. पण उणे 7 मध्ये रंग फुटण्याची तक्रार आधीच असलेल्या माणसाला नाही. अस्सल काचेचा मोहही नको: क्राउन काच प्लास्टिकच्या जवळपास दुप्पट जड आणि फुटली तर डोळ्याला धोका.

तुमच्या डोळ्यात काय घडतंय हेही याच नियमाने समजतं. डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायऑप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक), आणि त्यातले 43 च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचे. कारण सगळ्यात मोठा वेगबदल तिथे आहे: बाहेर हवा 1.0003, आत कॉर्निया 1.376. आतलं भिंग चहूकडून 1.336 च्या द्रवात बुडालेलं असल्यामुळे त्याच्या वाट्याला कमी काम येतं. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर होतं, कारण बाहेरचं पाणी 1.333 आणि कॉर्नियामागचा द्रव 1.336, कॉर्नियाचं काम जवळजवळ संपतं. गॉगल लावला की डोळ्यासमोर हवा परत येते आणि दिसू लागतं. सामान्य डोळा 24 मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, आणि लांबी एक मिलिमीटर वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने उण्याकडे जातो. उणे 7 चा डोळा बहुतेक वेळा दोन-अडीच मिलिमीटरने जास्त लांब असतो, त्यामुळे मागचा पडदा ताणलेला असतो. चष्म्याने दिसतं, पडद्यावरचा ताण मात्र कमी होत नाही. वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्या. अचानक प्रकाशाच्या लखलखी दिसल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पाण्याचाच एक प्रयोग जुन्या चष्म्यावर करून बघा. पसरट भांड्यात साधं थंड पाणी घ्या, तळाला छापील अक्षरांचा प्लास्टिकचा डबा ठेवा आणि चष्मा पाण्यात पूर्ण बुडवून त्यातून अक्षरं बघा. हवेत जेवढी आक्रसलेली दिसतात तेवढी दिसणार नाहीत. काचेत आणि हवेत वेगाचा जो फरक होता तेवढा काचेत आणि पाण्यात उरत नाही. उणे 7 ची साधी काच पाण्यात फक्त उणे 2.3 इतकं काम करते, 1.67 ची उणे साडेतीन. काच तीच, गोलाई तीच, शेजारी बदलला की नंबर बदलला.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला: पीडी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी मोजून घ्या, कारण नाक क्वचितच बरोब्बर मध्ये असतं. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज पीडीच्या तीन-चार मिलिमीटरच्या आत राहील अशी गोलसर फुल रिम फ्रेम निवडा. त्यात 1.60 ची काच घ्या, दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेली. रेघ पूर्ण जाणार नाही, पण ठळकपणे कमी होईल, आणि फ्रेम लहान असल्याने काच आत्तापेक्षा जाडही दिसणार नाही. रेघेचा त्रास तुम्हाला फारसा नसेल आणि काच पातळ असणंच महत्त्वाचं वाटत असेल तर 1.67 वर थांबा. 1.74 मी उणे 10 च्या पुढे सुचवतो, तेही फ्रेम लहान करून झाल्यावर. फ्रेम डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटरवर बसायला हवी. नाकावरून घसरली की उणे नंबर कमी पडू लागतो. याच कारणाने उणे 7 चा चष्मा असलेल्याला कॉन्टॅक्ट लेन्स उणे 6.50 ची लागते.

चष्मा ताब्यात घेताना काच सांगितलेलीच आहे का हे तपासता येतं. नुसत्या लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ते कळत नाही, कारण तो कोणत्याही इंडेक्सच्या काचेचा नंबर उणे 7 च दाखवेल. त्यासाठी लेन्स क्लॉक लागतं. घड्याळाएवढं, तीन टोकांचं हे मापक पृष्ठभागाची गोलाई मोजतं, आणि बहुतेक मापकं 1.53 इंडेक्स गृहीत धरून आखलेली असतात. काचेच्या मधोमध पुढून आणि मागून टेकवून दोन्ही वाचनांची चिन्हासह बेरीज करायला सांगा. सिलिंडर नंबर असेल तर मागच्या बाजूला दोन दिशांनी वाचावं लागतं. उणे 7 ची काच 1.60 ची असेल तर बेरीज उणे 6.2 च्या आसपास यायला हवी, 1.67 ची असेल तर उणे 5.5. उणे साडेसातच्या जवळ आली तर फ्रेममध्ये साधी काच बसवली आहे. चष्मा तिथेच परत द्या.